माणसाच्या स्वभावावर सहा पानं

आम्ही निवृत्त मास्तरणी एकत्र जमलो की पहिला अर्धा तास गुडघ्यांवर जातो. मग कुणाची सून, कुणाचा नातू, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. चहाचा दुसरा कप आला की कुणीतरी हमखास म्हणतं, "वसुधा, तो सहा पानांचा किस्सा सांग ना!" आता 'तो' म्हणजे कुठला? कारण एक काढला की त्याच्यामागून दुसरा येतो. काशीत दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातल्या एका यात्रेकरूला "कुठून आलात?" विचारलं की मागची अख्खी बस "आम्ही पण तिथलेच!" म्हणत गोळा होते ना, तसं. सांगून संपत नाहीत, आणि खरं म्हणजे मला ते संपवायचेही नसतात. बाकी आयुष्यात मी काही फार मोठे दिवे लावले नाहीत. पण त्या एका वर्षाच्या वर्गाचा विषय निघाला की माझी मान आपोआप ताठ होते. होऊ दे!

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. काशीत गोदौलिया चौकाच्या मागच्या गल्लीत मुलींचं एक लहानसं कॉलेज होतं, तिथे मी तत्त्वज्ञान शिकवायची. माझा जन्म काशीतलाच, ब्रह्माघाटाजवळच्या मराठी वस्तीतला. घरात मराठी आणि जिना उतरला की हिंदी, असा आमचा सगळ्यांचा कारभार. तिसऱ्या वर्षाला माझ्याकडे नऊ मुली होत्या. परीक्षेत नऊ जणींची उत्तरं एकसारखी, कारण नऊ जणींचं गाईड एकच! तपासताना मला वाटायचं, आपण एकाच मुलीला नऊ वेळा शिकवतोय.

शेवटी एक दिवस मी जाहीर केलं, यंदा प्रत्येकीने सहा पानांचा एक पेपर लिहायचा. विषय असा: माणूस मुळात कसा आहे, भला की स्वार्थी? एक बाजू घ्यायची आणि ऐकणाऱ्याला ती पटवून द्यायची. याला पोझिशन पेपर म्हणतात हे मी ऐटीत सांगितलं. मुलींनी त्याचं तिथल्या तिथे 'छह पन्ना' करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचं बोलावणं आलं. बाई कडक शिस्तीच्या.

"वसुधाजी, ये कोर्स में है?"

"नहीं, मैडम."

"इसके नंबर मिलेंगे?"

"नहीं, मैडम."

"न कोर्स, न नंबर. फिर लड़कियाँ लिखेंगी क्यों?"

मी म्हटलं, "मैडम, पेपर का विषय यही तो है!"

*

नऊच्या नऊ पेपर वेळेवर आले. मी मोठ्या हौसेने वाचायला बसले. पहिल्याचा शेवट: मनुष्य अच्छा भी है और बुरा भी. दुसऱ्याचा शेवट: मनुष्य अच्छा भी है और बुरा भी. नवव्यापर्यंत तेच! मी सगळे परत केले आणि म्हटलं, "हे मत नव्हे. ही दोन्ही घरची आमंत्रणं घेऊन ठेवणं झालं. जेवायचं कुठे ते ठरवा!"

तेव्हा किरण उठली. रेल्वेतल्या बुकिंग क्लार्कची मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "मैडम, घर में हमसे आज तक किसी ने पूछा ही नहीं कि हम क्या सोचते हैं. एकदम से कैसे सोच लें?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं, 'आज घर में कौन सी सब्ज़ी बने?' प्रत्येकीने मत द्यायचं आणि कारणही द्यायचं. पहिली दहा मिनिटं सगळ्या लाजत होत्या. मग परवल विरुद्ध भेंडी असं जे काही जुंपलं! किरण परवलच्या बाजूने बाकावर हात आपटून बोलत होती. आवाज ऐकून प्राचार्या दारात आल्या.

"ये क्या हो रहा है?"

"तर्कशास्त्र, मैडम!"

"और ये लड़की 'परवल' क्यों चिल्ला रही है?"

किरण घाबरून उभी राहिली. पण बसायच्या आधी हळूच म्हणाली, "मैडम, क्योंकि भिंडी के पक्ष में कोई दलील ही नहीं है."

*

मग मी नियम केला. हा नियम माझा नव्हे, काशीचा. आमच्या वस्तीत लहानपणापासून पंडितांचे वाद ऐकलेले. तिथली रीत अशी की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला म्हणतात पूर्वपक्ष. मग ते खोडून आपलं मांडायचं. आणि पूर्वपक्ष मांडायचा तो असा की समोरच्याने मान डोलवून म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." तेवढं होईपर्यंत आपल्याला तोंड उघडायचा अधिकार नाही.

तर पहिली तीन पानं विरोधकाची. विरोधक पुस्तकातला नको, जिताजागता हवा. घरातला, गल्लीतला, कुठलाही. त्याच्याकडून "हेच म्हणायचं होतं" वदवून घ्यायचं. पुढची तीन पानं आपली. वाचनाच्या दिवशी विरोधकाने वर्गात यायचं, वर्गाने शंका विचारायच्या, आणि शेवटी मी त्याला एकच प्रश्न विचारणार, "पटलं?"

हा नियम अनघाने घरी जाऊन सांगितला आणि तिथेच सगळी गंमत झाली.

अनघा माझ्या वर्गातली एकटी मराठी मुलगी. कॉलेजात मला मॅडम म्हणायची, फाटकाबाहेर वसुधामावशी. तिचे वडील म्हणजे आमच्या वस्तीतले अण्णा. दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा, श्राद्धं ते सांगत. पण त्यांची खरी कीर्ती वादात! अण्णांना वादात हरताना कुणी पाहिलं नव्हतं. भाजीवाल्याशीसुद्धा आधी त्याची बाजू मांडून मग ती खोडत.

अनघाला पुढे एम.ए. करायचं होतं. अण्णांचा बेत वेगळा होता. ग्वाल्हेरचं एक स्थळ चालून आलं होतं, ती मंडळी होळीनंतर येणार होती. बी.ए. झालं की लग्न. घरात महिनाभर धुसफूस चालली होती. आणि त्यात आला हा पेपर.

अण्णा म्हणाले, "मी होतो तुझा विरोधक. माझं म्हणणं एकच, माणूस स्वार्थी. तू सहा पानांत मला पटवून दे की तसं नाही. पटलं तर एम.ए. कर. नाही पटलं तर ग्वाल्हेर. मंजूर?"

अनघा म्हणाली, "मंजूर!"

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगं, अण्णांशी वाद? तू आधी मला विचारायचंस तरी!"

"मावशी, नियम तुमचाच आहे."

*

त्या नियमाने पहिला बळी घेतला तो किरणचा. तिची बाजू होती, माणूस भला. विरोधक म्हणून तिने वडिलांना निवडलं. तिकिटाच्या खिडकीमागे जन्म गेलेला माणूस. रांग मोडणारे, आजाराचं खोटं सांगून पुढे घुसणारे, सगळे त्यांनी पाहिलेले. बापलेक रोज जेवण झाल्यावर बोलत बसायचे. किरण लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, वडील म्हणायचे, "अभी नहीं, एक बात और है."

वाचनाच्या दिवशी किरणने पूर्वपक्ष वाचला. झकास! वर्ग गार. वडील मागच्या बाकावर गणवेशात बसून मान डोलवत होते. तीन पानं संपली. किरण थांबली.

मी म्हटलं, "आता तुझी बाजू वाच."

किरण पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मैडम, उनका पक्ष लिखते-लिखते हम उधर ही चले गए!"

पुढची तीन पानं कोरी होती. मी काय करणार? नियमाप्रमाणे वडिलांना विचारलं, "पटलं?" ते उभे राहिले आणि म्हणाले, "मैडम, हमको तो अब ये चिंता है कि हमने लड़की का मन ख़राब कर दिया. आदमी उतना बुरा भी नहीं होता."

आणि लेकीला पटवायला त्यांनी तिथल्या तिथे रांगेतल्या भल्या माणसांचे किस्से सुरू केले. तास संपला तरी थांबेनात. बुकिंग क्लार्कच्या तोंडून पब्लिकची स्तुती ऐकलेली मी भारतातली एकमेव बाई असेन.

*

सुषमाचं लग्न बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातच झालं होतं. डोक्यावरचा पदर सावरत वर्गात यायची. तिने विरोधक निवडली ती थेट सासू! आम्ही सगळ्या हबकलो. सासूबाईंचं मत असं की दुनिया मतलबी, कुणावर भरवसा ठेवू नये.

सुषमाने स्वयंपाकघरात बसून विचारलं, "अम्माजी, आदमी के बारे में आप क्या सोचती हैं?" सासूबाईंनी आधी संशयाने पाहिलं. मग एकदा बोलायला लागल्या, त्या थांबेनात. पोळ्या करपल्या. सासरे उपाशी. पुढे तर त्या स्वतःच हाक मारायच्या, "दुलहिन, काग़ज़ ले आवा, एक ठो अउर याद आयल!"

वाचनाला त्या नवी साडी नेसून, डबाभर लाडू घेऊन आल्या. सुषमाने पूर्वपक्ष वाचला. मग नियमाप्रमाणे वर्गाने शंका विचारायच्या. वर्गातली शबनम उठली आणि सासूबाईंच्या म्हणण्यावर तिने असा नेमका घाव घातला की त्या गोंधळल्या. तर सुषमा ताडकन उभी राहिली आणि सासूच्या बाजूने शबनमला उत्तर द्यायला लागली! एक मुद्दा, दुसरा, तिसरा. शबनम खाली बसली.

प्राचार्या त्या दिवशी मुद्दाम येऊन बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "ये लड़की आख़िर है किसकी तरफ़?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "हमरे ओर हौ! अउर केकरे ओर रही?"

*

शबनमचा पेपर राहिला होता. ती विणकरांच्या घरातली, जिभेला धार. तिची बाजू होती, माणूस विश्वास ठेवण्याजोगा. विरोधक कोण? तर प्राचार्या! "मैडम के कमरे में चॉक की अलमारी पर भी ताला है," ती म्हणाली, "इनसे अच्छा विरोधी कहाँ मिलेगा?"

आमच्या व्हरांड्यात पाण्याची टाकी होती आणि तिथे स्टीलचा पेला साखळीने बांधलेला. पाणी प्यायचं तर मान वाकडी करावी लागे. शबनमने पूर्वपक्षात त्या साखळीवर अख्खं पान लिहिलं. ते वाचून प्राचार्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "हाँ. मुझे यही कहना था." पण वाचनाच्या आदल्या दिवशी त्यांनी शिपायाला सांगून साखळी काढून टाकली. म्हणाल्या, "लो, परीक्षा हो जाए."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला गायब!

प्राचार्या वर्गात आल्या त्या विजयी चेहऱ्याने. "अब पढ़ो अपना पक्ष, शबनम!"

शबनमने पिशवीतून घरचा पेला काढला. ती व्हरांड्यात गेली, तो टाकीवर ठेवला आणि परत येऊन बाकापाशी उभी राहिली. "मैडम, ये मेरे अब्बा का है. इसको जंज़ीर आप लगाएँगी या मैं लगाऊँ?"

प्राचार्यांनी दारातून वाकून टाकीकडे पाहिलं. शेवटी मी विचारलं, "पटलं?" त्या म्हणाल्या, "पचास प्रतिशत."

तो पेला मी निवृत्त होईपर्यंत तिथे होता. साखळी कुणी लावली नाही.

*

इकडे अनघाचे हाल चालले होते. होळी जवळ आली तरी तिचा पूर्वपक्षच पुरा होईना. पहिला खर्डा अण्णांनी ऐकला आणि भिरकावला. "ही माझी बात नाही. ही गाईडमधली आहे. घरात बसून काय सोचतेस? चल, आपल्या डोळ्यांनी बघ!"

पहाटे तिला घेऊन ते दशाश्वमेधावर गेले. पहिल्या डुबकीसाठी चाललेली ढकलाढकली दाखवली. एक जोडपं गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून संकल्प सांगत होतं की दीर कोर्टात हरू दे. "पाहिलंस? गंगेतसुद्धा दिराला सोडत नाहीत!" अनघाने सगळं लिहिलं. दुसरा खर्डा. अण्णा म्हणाले, "अजून लंगडा आहे. जोर लाव." आणि त्यांनी स्वतःच्या ठेवणीतले मुद्दे काढून दिले, ज्यांच्या जोरावर त्यांनी मोठमोठ्या पंडितांना गप्प केलं होतं.

अनघा माझ्याकडे रडत आली. "मावशी, अण्णा माझ्याच हातून त्यांची बाजू इतकी पक्की करून घेताहेत की मला ती तोडताच येणार नाही. लग्न ठरल्यातच जमा आहे."

मला राग आवरला नाही. तशीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "अण्णा, मुलीला शिकू द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा! हा खेळ कशाला?"

अण्णा पाटावरून उठलेच. "खेळ? वसुधा, कमजोर पूर्वपक्ष तोडून ही जिंकली, तर उद्या घाटावर लोक काय म्हणतील? बाप जाणूनबुजून हरला! माझ्या मुलीला कोणी असं म्हटलेलं मला चालायचं नाही. आणि मुद्दाम हरणं मला जमायचं नाही."

मी चिडतच घरी आले. पण जिना चढताना मनात म्हटलं, बाप असावा तर असा!

तिसरा खर्डा अण्णांनी डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले, "हो. मला हेच म्हणायचं होतं." आणि उपरणं खांद्यावर टाकून बाहेर पडले. भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमच्या अनूने माझी बाजू काय मांडली आहे! ऐकायला या!"

*

वाचनाच्या दिवशी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. किरणचे वडील आले, सुषमाच्या सासूबाई आल्या, घाटावरचे दोनचार गुरुजी आले. अण्णा धोतर आवरत मुलींच्या बाकावर बसले. ग्वाल्हेरची मंडळी चार दिवसांनी येणार होती आणि हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

अनघाने पूर्वपक्ष वाचला. गुरुजी लोक "वाह!" म्हणाले. मग तिने पान उलटलं आणि कागद बाजूला ठेवला.

"अण्णा, तुम्ही म्हणता, यात्रेकरू फक्त स्वतःसाठी मागायला येतो. मग श्राद्धात आईवडिलांचे पिंड ठेवून झाले की शेवटी एक धर्मपिंड ठेवतो, तो कुणासाठी?"

"ज्यांचं कोणी नाही, त्यांच्यासाठी."

"त्यातून त्याला काय मिळतं?"

"काही नाही. पण तो मनाने थोडाच ठेवतो? मी सांगतो म्हणून ठेवतो!"

"तुम्ही का सांगता?"

"पोथीत आहे म्हणून."

"पोथी कुणी लिहिली?"

"ऋषींनी."

"ऋषी माणसं नव्हती?"

दोघं बोलता बोलता मराठीत गेली होती. मी घाईघाईने सगळ्यांना हिंदीत सांगत होते, त्यामुळे टाळ्या एक वाक्य उशिरा पडत होत्या.

"ऋषी हजारात एक!" अण्णा गरजले. "अपवादावरून स्वभाव ठरत नाही."

"मग त्या पहाटे घाटावर तुम्ही श्राद्ध सांगितलंत ती बाई? तुम्ही 'झालं, उठा' म्हणालात तर ती उठली नाही. म्हणाली, थांबा गुरुजी, आमच्या शेजारची म्हातारी राहिली, तिच्यामागे कुणी नव्हतं. तिला पोथीने सांगितलं नव्हतं, तुम्हीही नाही."

"तिला पुण्य हवं होतं."

"पुण्य म्हातारीला, अण्णा. नाव तिने म्हातारीचं सांगितलं. मी तिथेच बसले होते."

अण्णा बोलायचे थांबले. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा वादात थांबलेलं पाहिलं. सुषमाच्या सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मला विचारायचा धीर होईना, पण नियम माझाच होता.

"अण्णा, पटलं?"

अण्णांनी मान हलवली. "नाही."

हे हिंदीत सांगायची गरजच पडली नाही. सुषमा रडायला लागली. प्राचार्या चष्मा पुसत होत्या. अनघाने सहा पानं गोळा केली, नीट घडी घातली आणि म्हणाली, "ठीक आहे, अण्णा. मंजूर."

अण्णा उभे राहिले.

"माणूस स्वार्थी. होता, आहे, राहणार! आणि सगळ्यांत मोठा स्वार्थी मी. माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडणारी ही एकच काशीत निघाली. हिला ग्वाल्हेरला धाडली तर रोज संध्याकाळी मी वाद कोणाशी करू? बिलकुल जमायचं नाही! त्या मंडळींना मी आजच नको म्हणून कळवतो. एम.ए. करायचं, इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. तुझ्यासाठी नाही, समजली? माझ्यासाठी!"

मी हे हिंदीत सांगितलं, आणि टाळ्या या वेळीही एक वाक्य उशिराच पडल्या.

अनघाने पदराने डोळे पुसले, पानांची घडी पुन्हा उलगडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"अण्णा, जरा थांबा. हा मुद्दा तुम्ही मला पूर्वपक्षात दिला नव्हतात!"